कुंभाराचं मेण आणि भाचीचं नाक

गेल्या शनिवारी दारव्ह्याला गेलो होतो. भाचीचं लग्न ठरलंय, त्यामुळे घरात साड्या, याद्या आणि आचाऱ्याचे फोन. त्या गडबडीत भाचीने हळूच मोबाईल पुढे केला. "मामा, हे पाहा ना. फिलर. इंजेक्शन देऊन नाक सरळ करतात. अर्ध्या तासाचं काम, कापाकापी काहीच नाही." आमची आई भाजी निवडता निवडता ओरडली, "काहून वं पोरी, नाकाले काय झालं तुया?"

मी पडलो प्रोग्रॅमर. चालत्या सिस्टिमला हात लावायचा म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: बिघडलं तर मागे कसं यायचं? त्याचं उत्तर शोधायला बसलो आणि पोचलो थेट पेशवाईतल्या पुण्यात.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे वर्षभराने पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस विटा करणाऱ्या जातीतला, म्हणजे आपण ज्याला कुंभार म्हणू तो. क्रूसो आणि फिंडले हे मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. जेम्स वेल्सने कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने पुढे १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. पेशंटचं नाव आलं, चित्रकाराचं आलं, बघणाऱ्यांचंसुद्धा आलं. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. असो.

आता त्याने केलं काय ते बघा. मेणाची पातळ चकती नाकाच्या आकाराची बनवली. ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोलली, पण पूर्ण नाही! दोन भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. मग कातडी फिरवून खाली आणली, नाकाच्या जागी बसवली आणि वर काथाचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. मधली पट्टी कापली ती सुमारे पंचविसाव्या दिवशी. तोवर नव्या नाकाला रक्त मिळायचं ते त्या पट्टीतूनच. तिथे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून एक बारीक धमनी वर कपाळाकडे जाते. पट्टी घाईने कापली असती तर नाक काळं पडून गळून गेलं असतं.

त्या कुंभाराने मेण वापरलं, पण फक्त मापापुरतं आणि कातडीच्या वर. शंभरेक वर्षांनी व्हिएन्नात रॉबर्ट गेरसुनीने १८९९ साली वितळलेलं व्हॅसलीन कातडीच्या आत टोचलं. मग पॅराफिन आलं (म्हणजे पुन्हा मेणच). बसकी नाकं वर यायला लागली, श्रीमंतांची रांग लागली. काही वर्षांत गाठी आल्या, मेण सरकायला लागलं, जखमा झाल्या. आणि १९०३ मध्येच नाकात पॅराफिन टोचल्यावर एका पेशंटची दृष्टी गेल्याची नोंद छापून आली. म्हणजे हा धोका सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. तरी महायुद्धानंतर जपान-अमेरिकेत द्रवरूप सिलिकॉन टोचलं गेलं, आणि गाठींचा तोच पाढा पुन्हा.

आजचं फिलर बहुतेक वेळा हायलुरोनिक आम्लाचं असतं. मायर आणि पामर यांनी १९३४ साली ते पहिल्यांदा वेगळं केलं ते गायीच्या डोळ्यातून. ते मेणापेक्षा कितीतरी बरं. काही महिन्यांत विरघळतं, आणि हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने मुद्दाम विरघळवताही येतं. माझ्या भाषेत सांगायचं तर अनडू आहे! सूज, काळेनिळे डाग, क्वचित जंतुसंसर्ग किंवा उशिरा येणाऱ्या गाठी एवढ्यावर बहुतेकांचं निभावतं. बाजारात दुसरीही फिलर आहेत, त्यांना हे औषध लागू पडत नाही.

पण सुई चुकून धमनीत गेली तर? भुवयांमधली ती धमनी डोळ्याच्याच मोठ्या धमनीची फांदी आहे. ठिबकच्या नळीत टोकाकडून जोराने काही ढकललं तर ते उलटं मुख्य पाइपापर्यंत जातं. इथेही तसंच होतं. फिलर उलटं चढतं, सिरिंजवरचा जोर सुटला की रक्ताबरोबर पुढे निघतं आणि नेत्रपटलाच्या नळीत अडकतं. २०१५ मध्ये डॉक्टरांनी जगभरच्या अशा ९८ केसेस गोळा केल्या. सगळ्यात जास्त केसेस भुवयांमधल्या जागेच्या, त्याखालोखाल नाकाच्या. त्यातली जवळपास निम्मी इंजेक्शनं पेशंटच्याच चरबीची होती, हायलुरोनिकची साधारण पाव. अशा केसेस विरळाच, हेही खरं. पण नेत्रपटल रक्ताविना टिकतं तास-दीड तास. मग अनडू असून उपयोग नाही, आणि गेलेली दृष्टी परत आल्याची उदाहरणं फार थोडी.

दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. हिशोब तुम्हीच करा.

मी काही डॉक्टर नाही. भाचीला 'करू नको' म्हणण्याचा अधिकारही माझा नाही, नाक तिचं आहे. मी तिला तीन प्रश्न लिहून दिले. सिरिंजमध्ये नेमकं काय आहे? टोचणारा डॉक्टर कोण आणि शिकलेला काय? हायलुरोनिडेज त्याच खोलीत आहे का? आणि एवढं सांगितलं, की टोचताना कातडी एकदम पांढरी पडली, फार दुखलं किंवा अंधारी आली तर 'होईल बरं' ऐकून थांबायचं नाही, तिथल्या तिथे उपचार मागायचे.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिल्याला कंपनीचं नाव सांगितलं, दुसऱ्याला "आमच्या मॅडम खूप अनुभवी आहेत" म्हटलं, आणि तिसऱ्याला "ते काय असतं?" असं विचारलं. भाचीने फोन ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, त्या कावसजीचं चित्र आहे का नेटवर? दाखव ना."