टकळी, सूत आणि शिक्षकाचा पगार

इ. स. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत, २२ व २३ या तारखांस, वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं एक शिक्षण-परिषद भरली. मुंबईसह कांहीं प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें नुकतींच अधिकारावर आलीं होतीं. शाळांवरील खर्च बऱ्याच अंशीं अबकारी उत्पन्नांतून चाले. दारूबंदी करावी तर शाळा कशावर चालवावयाच्या, असा पेंच होता. मुलांनीं शाळेंत केलेल्या कामांतून शिक्षकाचा पगार निघावा, हें गांधीजींचें उत्तर या पेंचांतून आलेलें होतें.

परिषदेनें चार ठराव केले: सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, हस्तोद्योगाभोवतीं गुंफलेला अभ्यासक्रम, आणि क्रमाक्रमानें शिक्षकाचें वेतन उत्पन्नांतून भागण्याची अपेक्षा. खरा वाद माजला तो चौथ्यावर. शाळांतील माल बाजारांत आल्यास गांवच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, असा प्रा. के. टी. शहा यांचा आक्षेप होता. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन यांची भीति अधिक खोल होती. पगार सुतावर ठरला कीं शिक्षकाचा मुकादम व्हावयास वेळ लागणार नाहीं! पुढें अभ्यासक्रम आंखणाऱ्या समितीचें अध्यक्षपद याच टीकाकाराकडे आलें, हें विशेष. त्या समितींत विनोबा भावे व काकासाहेब कालेलकर हेहि होते, आणि शहाहि होते.

डिसेंबरांत समितीचा अहवाल आला. साडेपांच तासांच्या दिवसांपैकीं ३ तास २० मिनिटें मूलोद्योगास, ४० मिनिटें मातृभाषेस, ४० मिनिटें गणित, संगीत व चित्रकला यांस, आणि ३० मिनिटें समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस दिलेलीं होतीं. शहरांतील सुशिक्षित पालकाला हें वेळापत्रक पाहून धक्का बसला असल्यास नवल नाहीं. परंतु त्या तीन तासांत नुसतें सूत काढावयाचें नव्हतें. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी; म्हणजे मुलाच्या हातांत गुणाकार आपोआप येई, आणि तो चुकला तर गुंडीच सांगे. कापूस कोणत्या जमिनींत पिकतो, तो कोण पिकवितो, त्याचा भाव कोण ठरवितो, असे प्रश्न निघत. वर्ध्यासारख्या कापसाच्या मुलुखांत त्यांचीं उत्तरें शोधण्यास पुस्तकापेक्षां शेजारचें शेत जवळ होतें. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्यानें सेवाग्रामास चालविलेल्या शाळेंत सफाई, स्वयंपाक व बागकाम हींहि अभ्यासाचींच अंगें होतीं. हात, बुद्धि आणि शेजारधर्म हीं तिन्हीं एकाच कामांत शिकवावयाचीं, अशी ती दृष्टि होती.

उत्पन्नाच्या नादानें शिक्षणाचा हेतु बाजूस पडेल, असा इशारा अहवालानेंच दिला होता. तो नीट ऐकला गेला असें म्हणवत नाहीं. समर्थक व विरोधक दोघेहि सुताचा हिशेब मांडीत राहिले. टकळी हातीं धरलेलें मूल काय विचारतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. असा उद्योग शिकवितां शिकवितां गणित आणि भूगोल उलगडून दाखविणारा शिक्षक तयार करणें हें काम सर्वांत अवघड, आणि त्याचीच तयारी सर्वांत तोकडी होती.

१९३८ सालीं हरिपुरा काँग्रेसनें योजना उचलून धरली व हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. १९३९ च्या ऑक्टोबरांत पुण्यास मूलोद्योग शिक्षणाची परिषद भरली. पण लगेच नोव्हेंबरांत मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले, आणि सरकारी शाळांतील प्रयोगास पाठबळ देणारे हातच गेले. १९४५ सालीं सेवाग्रामास योजनेची व्याप्ति वाढून ती जन्मापासून मरणापर्यंतची 'नई तालीम' झाली. मात्र १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें 'कार्यानुभव' हा शब्द पुढें केला. महाराष्ट्रांतील शाळांत तो एक विषय म्हणून आला, आणि दिवसाकाठीं ३ तास २० मिनिटें मागणाऱ्या मूलोद्योगाच्या वांट्यास आठवड्यांतील मोजक्या तासिका राहिल्या.