चगताई भाषा

मध्य आशियातील तुर्की मुसलमानांची पंधराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतची ग्रंथभाषा. चंगीझखानाचा द्वितीय पुत्र चगताई याच्या वाट्यास आलेल्या मुलुखावरून हे नाव रूढ झाले; तथापि तो स्वतः मंगोलभाषी होता, आणि ज्यांनी ही भाषा घडविली ते लेखक तिला बहुधा नुसती ‘तुर्की’च म्हणत. तुर्की भाषाकुलाच्या कार्लुक शाखेत तिची गणना होते. अकराव्या शतकातील काराखानी आणि तदनंतरची ख्वारिज्मी या तिच्या पूर्वावस्था होत. लेखन मुख्यत्वे अरबी-फारसी लिपीत होई, क्वचित उइगुर लिपीतही.

तैमूरच्या वंशजांच्या अमदानीत दफ्तर, इतिहास आणि काव्य यांवर फारसीचाच अंमल असताना, लष्कराच्या आणि घरच्या बोलीस विदग्ध वाङ्मयाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय, सुलतान हुसेन बायकराचा (कारकीर्द १४६९–१५०६) बालमित्र आणि हेरात दरबारातील मातबर अमीर अलीशेर नवाई (१४४१–१५०१) यासच प्राधान्याने द्यावे लागते. निजामीच्या धर्तीवर त्याने १४८३ ते १४८५ या अल्पावधीत पाच दीर्घकाव्यांचा ‘खम्सा’ रचिला. ‘मुहाकमत-अल्-लुघतैन’ (१४९९) या निबंधात त्याने तुर्की आणि फारसी यांना जणू न्यायासनासमोर उभे करून, रुदनाच्या निरनिराळ्या छटांसाठी तुर्कीत असलेल्या क्रियापदांसारखे दाखले देत, निवाडा तुर्कीच्या पदरात टाकला. हा निवाडा ज्या गद्यात लिहिला आहे ते अरबी-फारसी शब्दांनी ओतप्रोत भरलेले असावे, ही विसंगती वकिलास भोवली नाही. ‘फानी’ या नावाने तो फारसीतही कविता करीतच होता.

नवाईच्या अलंकृत शैलीहून सर्वस्वी भिन्न, निरलंकार आणि रोखठोक असे गद्य बाबराच्या (१४८३–१५३०) आत्मचरित्रात आढळते, आणि आजच्या वाचकास तेच अधिक जवळचे वाटेल. अंदिजानच्या बाजारातील बोली नवाईच्या ग्रंथभाषेशी जुळते, असे त्याने अभिमानाने नोंदविले आहे. मात्र हिंदुस्थानात त्याच्या वंशजांच्या दरबारी फारसीचे वर्चस्व इतके वाढले, की पुढे दक्षिणेत मलिक अंबरशी झुंजलेल्या अब्दुर्रहीम खानखानानास हा ग्रंथ १५८९ मध्ये फारसीत उतरवून अकबरास सादर करावा लागला. मूळ तुर्की ग्रंथाची एक महत्त्वाची हस्तलिखित प्रत हैदराबादेत, सालारजंगांच्या संग्रहात, उपलब्ध झाली.

इराण आणि उस्मानी तुर्कस्थानात नवाईच्या वाचनासाठी स्वतंत्र कोश रचले गेले. खीव्याचा खान अबुल गाझी (१६०३–१६६३) याने मात्र सामान्यांस कळावी अशा भाषेत वंशेतिहास लिहिण्याचा कटाक्ष ठेविला. आधुनिक उझबेक व उइगुर या तिच्या वारसदार भाषा. सोव्हिएत अमदानीत तिला ‘जुनी उझबेक’ हे नाव देण्यात आले, त्यामुळे उझबेकांनीच समरकंदाहून हुसकून लावलेला बाबर उझबेक वाङ्मयाच्या अभिजात लेखकांत गणला जाऊ लागला.