रविवार कुणी दिला?



सहलीच्या विषयावर बोलायला कामगार संघटनेतल्या माणसाला कशाला उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. सहलीला तीन गोष्टी लागतात. जायला जागा हवी, जायला वाट हवी आणि जायला मोकळा दिवस हवा. जागा निसर्गाने दिली, वाट आगगाडीने दिली. मोकळा दिवस कुणी आपण होऊन दिला नाही. तो मागून आणि झगडून घ्यावा लागला. आपल्या मिरा-भाईंदरच्या परिसरातील सहलींचा इतिहास मी या तिसऱ्या गोष्टीच्या अंगाने सांगणार आहे.

आधी जागा पाहू. आपल्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. घोडबंदरचा किल्ला आहे, चेण्याची नदी आहे, तारोडीची धारावी देवी आहे, उत्तनला वेलंकनी मातेचे चर्च आहे. चौकच्या टेकडीवर उभे राहिले की खाडीपलीकडे वसईचा कोट दिसतो. आज तिथे आपण वारा खायला जातो. १७३७ ते १७३९ या काळात याच धारावी बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. खाडीच्या तोंडावरचे हे ठाणे ज्याच्या हाती, त्याला समुद्रातून वसईकडे जाणारी रसद अडवता येत होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेतल्या नवसाची फेड म्हणून वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले, असे सांगतात.

आणि इथेच सहलीच्या इतिहासाची पहिली पायरी सापडते. सामान्य माणूस पूर्वी सहलीला जात नसे, तो जत्रेला जाई. वज्रेश्वरी, विरारची जीवदानी, वांद्र्याच्या मोतमाउलीची सप्टेंबरातली जत्रा, ही त्याची ठरलेली ठिकाणे. देवाचे दर्शन, उन्हाळ्यात आंब्याखाली विसावा आणि फडक्यात बांधलेली भाकरी. वर्षातून एकदा देवाच्या नावावर मिळालेली ती रजा होती. आठवड्याला हक्काने मिळणारा दिवस अजून कुणाला ठाऊक नव्हता.

दुसरी गोष्ट वाट. १८६७ च्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईला पहिली लोकल निघाली. सकाळी विरारहून मुंबईकडे आणि संध्याकाळी मुंबईहून परत, अशी एकच फेरी. वसईच्या खाडीवर पूल झाला होता. आता गिरणगावातल्या मजुराने गाडीत बसावे आणि या किनाऱ्याची हवा खावी, याला अडचण ती काय? अडचण अशी की त्याला सुट्टीच नव्हती. गिरणी सूर्याबरोबर सुरू होई आणि सूर्याबरोबर थांबे. अधूनमधून येणारे सण सोडले तर खाडा म्हणजे उपास. पूल झाला, गाडी धावू लागली, तरी मजुराला मोकळा रविवार मिळायला आणखी तेवीस वर्षे जावी लागली.

त्या तेवीस वर्षांच्या शेवटी एका माणसाचे नाव येते : नारायण मेघाजी लोखंडे. जोतिरावांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. अर्ज धूळ खात पडला. म्हणून १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टीचा ठराव केला. पुढच्याच वर्षी ती कायद्यातही आली.

आपण पोराला पाटीवर अ आ ई शिकवतो, तसेच एकदा हेही शिकवावे, की रविवार हा पंचांगाने दिलेला नाही. तो दहा हजार माणसांनी मैदानात उभे राहून मिळवला.

पुढे स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याच्या तासांची मर्यादा अठ्ठेचाळीस ठेवली. आपल्या भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचे कारखाने निघाले, चाळी उठल्या, इमारती उठल्या. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. रविवारी उत्तनच्या बसला उभे राहायला जागा नसते. गोराईच्या पॅगोडाकडे माणसे जातात. २००९ साली तो खुला झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये वाहने नेणारी बोट सुरू झाली आणि खाडी ओलांडणे हीच एक सहल झाली. हे पाहून मला आनंदच होतो. पॉलिशच्या चाकाशी सहा दिवस उभा राहिलेला माणूस सातव्या दिवशी पोराला खांद्यावर घेऊन समुद्र दाखवतो, तेव्हा लोखंड्यांचा ठराव खरा अमलात येतो.

पण त्याच किनाऱ्यावर जरा दुसरीकडे नजर टाका. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीला रविवार नसतो. तिचे पंचांग भरती-ओहोटीचे. मिठागरातल्या मजुराला ऊन चढले की हात थांबवता येत नाही; आपल्या सहलीचा हंगाम तोच त्याच्या कष्टाचा हंगाम. आणि जिथे आपण भुकेने जाऊन बसतो, त्या खाणावळीतला पोऱ्या? आपला रविवार म्हणजे त्याचा सर्वांत जड दिवस. सकाळी कांदा चिरायला बसलेला तो रात्री भांडी घासूनच उठतो.

याच्यासाठीही कायदा झाला होता. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने उपाहारगृहातल्या प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली होती, दुकान कितीही लहान असो. २०१७ साली त्या जागी नवा कायदा आला. त्यातही साप्ताहिक सुट्टी आहे. पण तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केला. आता विचार करा. रस्त्याकडेच्या खाणावळीत माणसे किती? चार, फार तर पाच. म्हणजे ज्याला सुट्टीची गरज अधिक, तोच कायद्याच्या दाराबाहेर राहिला.

मालकही बहुधा गरीबच असतो, हे मला ठाऊक आहे. नवराबायको स्वतः चुलीपुढे उभे असतात. त्यांच्याशी वैर करून हा प्रश्न सुटायचा नाही. पण आळीपाळीने सुट्टी देता येते. सोमवारी एकाला, मंगळवारी दुसऱ्याला. पाच माणसांच्या खाणावळीला ते जड नाही, आणि ज्यांनी केले त्यांचा धंदा बुडालेला मी पाहिलेला नाही.

तेव्हा येत्या रविवारी उत्तनला जा, चौकच्या टेकडीवर चढा, तांदळाची भाकरी आणि ताजे मासे पोटभर खा. फक्त पाण्याचा पेला पुढे ठेवणाऱ्या पोराला एवढे विचारा, “बाबा, तुझी सुट्टी कोणत्या वारी?” त्याने वार सांगितला तर समाधानाने जेवा. तो नुसता हसला, तर पैसे देताना गल्ल्यावर बसलेल्या शेटलाही तोच प्रश्न विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारला, की त्याला उत्तर द्यावेच लागेल.