टोकियोत सिद्ध झालेला इंग्रजी कोश

ज्या कोशाने इंग्रजी शिकणाऱ्या परभाषिकाची अडचण पुरती ओळखली, तो लंडनात नव्हे तर टोकियोत सिद्ध झाला, ही गोष्ट मला भाषाशिक्षणाच्या इतिहासात फार मोलाची वाटते. १९२३ साली हॅरल्ड पामर यांनी तेथे इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था स्थापिली; १९२४ मध्ये अध्यापक म्हणून जपानात दाखल झालेले ए. एस. हॉर्नबी पुढे तिच्या कार्यात सामील झाले. ज्याची मातृभाषाच इंग्रजी, त्यास ‘स्टॉप टॉकिंग’ आणि ‘स्टॉप टू टॉक’ यांतील भेद कोणी समजावून द्यावा लागत नाही. परंतु पहिल्यात बोलणे बंद होते आणि दुसऱ्यात मनुष्य बोलण्यासाठीच हातातले काम थांबवितो, हे नुसत्या शब्दार्थावरून शिकणाऱ्यास उमगणे दुरापास्त. म्हणून हॉर्नबी यांनी, गेटनबी व वेकफील्ड या सहकाऱ्यांच्या साहाय्याने, या कोशात क्रियापदांबरोबर त्यांची वाक्यरचनाही नमूद केली, आणि कोणते नाम गणनीय, कोणते अगणनीय, हा तपशीलही दिला. युद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, कैताकुशा या टोकियोतील प्रकाशनसंस्थेने हा कोश छापला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने त्याचे पुनर्मुद्रण केले, आणि त्याच्याच पुढील आवृत्त्या आपल्याकडील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत येऊन पोहोचल्या.