चोरीस-पाव

चोरीस-पाव हा गोव्यातील एक झटपट होणारा घरगुती व रस्त्यावरही मिळणारा खाद्यपदार्थ आहे. चोरीस म्हणजे गोव्यातील ख्रिस्ती स्वयंपाकातील डुकराच्या मांसाचे सॉसेज. हे नाव पोर्तुगीज भाषेतून आले आहे. पोर्तुगालमधील सॉसेजमध्ये मुख्यतः पाप्रिका वापरतात, तर गोव्यात सुक्या लाल मिरच्या आणि माडीपासून केलेला शिरका. मांसाचे व चरबीचे तुकडे मीठ, शिरका, मिरची, लसूण, आले आणि गरम मसाल्यात मुरवून आतड्यात भरतात, दोऱ्याने गाठी मारून माळ करतात आणि उन्हात व धुरावर वाळवतात. पावसाळ्याची बेगमी म्हणून हे काम उन्हाळ्यात उरकले जाई.

मसाला आधीच मुरलेला असल्याने रांधताना फारसे काम उरत नाही. वरचे आवरण व दोरा काढून चोरीस पसरट तव्यात थोड्या पाण्यासह झाकून मंद आचेवर शिजवतात. पाणी आटू लागले की चरबी सुटते आणि तिच्यातच भरपूर उभा चिरलेला कांदा परततात. वेगळे तेल लागत नाही. बटाट्याच्या फोडी घातल्यास तिखटपणा सौम्य होतो. मीठ मात्र चव पाहिल्याशिवाय घालू नये, कारण चोरीस मुळातच खारट असते. वाळवलेले असले तरी मांस कच्चेच असते; त्यामुळे ते पूर्ण शिजणे आवश्यक आहे. हे मिश्रण पावात भरून खातात. उरल्यास त्याचा पुलावही करतात.