घाटाची चढण आणि उतरणीची परतफेड

शेवगांव हा गोदाकांठचा सपाट मुलूख. खरा सह्याद्रि पाहावयाचा तर आम्हांस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अकोले तालुक्यांत जावें लागतें. गेल्या दिवाळींत आम्ही भंडारदऱ्यास गेलों तें एका स्नेह्यांच्या हायब्रिड मोटारींतून. म्हणजे पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणाऱ्या गाडींतून. परततांना विठा घाट उतरूं लागलों, तों समोरील तबकडीवरचा बाण उलटा फिरला. गाडी वीज खर्चण्याऐवजीं सांठवूं लागली होती. “बाबा, उतरतांनाहि कांहीं मिळवितां येतें, हें माणसाला इतक्या उशिरा कां सुचलें?” असें आमच्या कन्येनें विचारलें. प्रश्न इतिहासाचा होता, आणि त्याचें उत्तर बोरघाटांत आहे.

चढणीचे श्रम माणसानें नेहमींच सोसले. उतरणीचें मात्र त्याला भय वाटे. या घाटांतील गाडीरस्ता सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला. गाडी वर चढवितांना बैलांचा दम निघे, आणि उतरतांना तीच मागून अंगावर येऊं नये म्हणून त्यांना ती अडवावी लागे. १८६३ सालीं तेथेंच आगगाडी धांवूं लागली. सदतीस फुटांत एक फूट अशी ती चढण, आणि वाटेंत पंचवीस बोगदे. तें काम करतांना पटकीसारख्या रोगांनीं व अपघातांनीं हजारों मजूर दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तो ठेका तडीस नेला. तरीहि उतरणीचें भय गेलें नाहीं. ब्रेक निकामी झाल्यास गाडी वळवून थांबवितां यावी म्हणून वर चढत जाणारे आडमार्ग ठेवावे लागले. कोळसा जाळून मिळविलेली उंची उतरतांना ब्रेकच्या घर्षणांत, केवळ उष्णता होऊन, वाया जाई.

१९२५ सालीं मुंबईंत विजेची आगगाडी सुरू झाली, आणि १९३० पर्यंत ती घाट ओलांडून पुण्यास पोंचली. घाटांतील मालगाड्यांसाठीं १९२८ पासून आलेलीं, ‘खेकडा’ या नांवानें ओळखलीं गेलेलीं इंजिनें उतरतांना निराळेंच काम करीत. त्यांच्या मोटरीच जनित्रें बनून गाडीस आवरीत, आणि निघालेली वीज तारेंत परत सोडीत. चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस ती उपयोगीं पडे. तेव्हां कन्येचा प्रश्न थोडा बदलावा लागतो. ही गोष्ट माणसाला उशिरा सुचली असें नव्हे. मोटारीला ती उशिरा साधली.

मोटारीच्या डोक्यावर तार नसते, हें त्याचें कारण. मिळालेली वीज तिला स्वतःजवळच सांठवावी लागते. फर्डिनंड पोर्श यानें १९०० च्या सुमारास पेट्रोलच्या इंजिनानें वीज उत्पन्न करून चाकें फिरविणारी गाडी घडविली; परंतु ती जड व महाग होती, आणि साध्या पेट्रोलच्या गाड्यांनीं तिला मागें टाकलें. हलकी, वारंवार भरणारी व रिकामी होणारी बॅटरी आणि ती राखणारी यंत्रणा सिद्ध झाल्यावर १९९७ सालीं जपानांत टोयोटाची ‘प्रिअस’ विक्रीस आली, आणि ही युक्ति सामान्य कुटुंबाच्या दारापर्यंत पोंचली.

ही परतफेड पुरी नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. वारा आणि रस्ता आपला वांटा घेतातच. लांब उतारावर लहानशी बॅटरी लौकर भरते, आणि मग पुन्हां ब्रेकांवर व इंजिनावर भिस्त ठेवावी लागते. चढणीस पेट्रोल लागतें तें लागतेंच.

सायंकाळीं आम्ही प्रवरेच्या कांठाकांठानें खालीं येत होतों. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण याच नदीचें पाणी उंचावर अडवून खालच्या शेतांस देतें, आणि उरलेला प्रवाह प्रवरासंगमापाशीं आमच्या गोदेस मिळतो. डोंगराकडून आम्ही इतकें घेतों, आणि सुटीस त्याच्याकडे जातों तें पुन्हां घेण्यासाठींच. गाडीनें उतरणींत थोडी वीज परत मिळविली, याचें कौतुक आम्हांस आहे. परंतु घाट फोडतांना जे मजूर गेले त्यांचें कांहींच परत आलें नाहीं. त्या रस्त्यानें जातांना मुलांना त्यांची हकीकत सांगावी, एवढें तरी आपल्या हातीं आहे. आम्हीं ती कन्येला त्या सायंकाळीं सांगितली.