पुसलं म्हणजे नष्ट झालं का?

मंडळी, आजच्या विषयाची सुरुवात आपण एका मराठी वाक्प्रचारापासून करू. एखाद्याच्या कष्टांवर 'हरताळ फासला' असं आपण म्हणतो. हरताळ हे पिवळ्या रंगाचं खनिज. पोथी लिहिताना चूक झाली, की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देई आणि वर नवी अक्षरं लिही. म्हणजे जुनं अक्षर झाकलं जाई, नाहीसं होत नसे.

युरोपात याहून कडक उपाय होता. तिथे चामड्याच्या पानांवरची शाईच खरवडून काढत. आर्किमिडीजच्या ग्रंथांची १०व्या शतकातली एक प्रत १३व्या शतकात अशीच खरवडली गेली आणि त्या पानांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये हायबेर्ग या डॅनिश विद्वानाने खालची पुसट अक्षरं ओळखली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन त्यातलं आणखी बरंच वाचता आलं. पुसलेलं परत वाचता येतं, याचा इथे आपल्याला आनंद होतो. पण हीच गोष्ट आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत घडली तर?

नैयायिकांनी 'अभावा'चे प्रकार सांगितले आहेत. घडा फुटला, तर तो प्रध्वंसाभाव. पण घडा नुसता शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला, तरी 'इथे घडा नाही' हे वाक्य खरंच असतं. दोन्हीकडे घडा दिसत नाही, पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. कॉम्प्युटरवर आपण 'डिलीट' करतो तेव्हा नेमकी हीच गल्लत होते.

जुन्या डॉस प्रणालीत फाइल पुसली, की यादीतल्या तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जाई आणि 'ही जागा मोकळी आहे' अशी नोंद होई. मजकूर होता तिथेच राही. म्हणून तर १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांना पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम विकता आला. १९८६ मध्ये इराण-कॉन्ट्रा प्रकरणात ऑलिव्हर नॉर्थ यांनी व्हाइट हाउसच्या यंत्रणेतले आपले संदेश पुसले. ते बॅकअपच्या टेपवर शिल्लक होते आणि चौकशीत बाहेर आले.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. सामान्यांचं काय? सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, वैद्यकीय पत्रव्यवहार, प्रेमपत्रं असं काय काय सापडलं. एक डिस्क तर इलिनॉयमधल्या एटीएमची होती, खातेदारांच्या व्यवहारांसकट!

मग पुसायचं कसं? १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी डिस्कवर ३५ वेळा वेगवेगळे नमुने लिहिण्याची पद्धत मांडली. ती अनेक प्रकारच्या जुन्या डिस्क एकत्र लक्षात घेऊन केली होती. लोकांनी मात्र ३५ हा आकडा मंत्रासारखा धरला. एकाच डिस्कवर ते सगळे फेरे करण्यात अर्थ नाही, हे पुढे गुटमन यांनाच सांगावं लागलं. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००६ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं, की आजच्या बहुतेक डिस्कवर सगळीकडे एकदा नवं लिहिलं तरी काम भागतं.

एसएसडी आली आणि चित्र पुन्हा बदललं. तिच्या पेशी लवकर झिजू नयेत म्हणून ती नवा मजकूर नव्या जागी लिहिते. जुना मजकूर मागेच राहू शकतो. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एसएसडीवर एकेक फाइल निवडून पुसण्याची कुठलीच सॉफ्टवेअर पद्धत भरवशाची नाही. तिथे उत्पादकाने दिलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी. त्याहून बरं म्हणजे पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट करावी. मग देताना किल्ली नष्ट केली, की मजकूर राहूनही वाचता येत नाही.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, हातोडा घ्या आणि डिस्क फोडा. बिघडलेल्या डिस्कसाठी ते ठीकच. पण चालू कॉम्प्युटर एखाद्या शाळेच्या कामी येत असेल, तर डिस्क फोडून आपण ते दान अर्धवट करतो.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्कही दिला. पण हक्काची भाषा इथे अपुरी पडते, असं आम्हाला वाटतं. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर रुग्ण असतात, सोसायटीच्या चिटणिसांकडे सभासद असतात, आम्हा मास्तरांकडे विद्यार्थ्यांचे गुण असतात. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' हे आपण स्वतःपुरतं म्हणू शकतो, त्यांच्या वतीने नाही. त्यांनी माहिती विश्वासाने दिली, आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती गेल्याचं त्यांना कळणारही नाही. म्हणून कॉम्प्युटर देण्याआधी हवं ते उतरवून घ्या, सगळी डिस्क नीट पुसा आणि काही दिसतंय का, ते तपासा. मगच तो दुसऱ्याच्या घरी जाऊ द्या.

आता आपण प्रश्न घेऊ.